पपा ख्रिस्ती झाले त्याची गोष्ट

आमच्या घरात देवाचं नाव घेतलं जायचं ते दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी. पपा सांगलीतल्या एका जुन्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते आणि औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी त्यांच्या सबंध वागण्यात उतरली होती. एकदा तर प्रार्थना संपवताना 'आमेन'च्या जागी ते "वापरण्यापूर्वी बाटली हलवा" म्हणाले आणि आईला आमटी वाढता वाढता ठसका लागला. पपांचे आजोबा कधीच्या काळी साथीच्या रोगात त्या दवाखान्यात वाचले, तिथेच झाडू मारायला राहिले आणि ख्रिस्ती झाले. त्यांच्यापासून आम्हाला आमचं बसकं नाक जसं मिळालं तसा धर्मही मिळाला. दोन्हींबद्दल कुणाची तक्रार नव्हती. रविवारी उपासना, उपासनेनंतर मटण, नाताळला करंज्या आणि वर्षभर भिंतीपलीकडून शौकतचाचांच्या शिलाई मशीनची घरघर. आमच्या आणि चाचांच्या घराला मधली भिंत एकच होती. आईची भाकरी थापण्याची लय आणि चाचांच्या मशीनची लय कधी कधी जुळून यायची, तेव्हा पपा वर्तमानपत्र खाली करून मला म्हणायचे, "बघ एस्तू, ताल धरलाय."

हे सगळं मजेत चाललं होतं. मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, इंग्रजी विषय घेतला होता, आणि आपल्या घरातली माणसं फार साधी आहेत, फार गावठी आहेत, असं मला वाटायला लागलं होतं. त्या वयात तसं वाटतं हे मला आज कळतं. तेव्हा वाटायचं की हे फक्त मलाच वाटतंय आणि ते खरंच आहे.

एका रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी खिशातून निळं पाकीट काढलं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, समुद्रकाठच्या एका लहान गावातून पत्र आलं होतं. तिथल्या चर्चने फार वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात एक नर्स पाठवली होती. तिचा फोटो अजून आमच्या चर्चच्या दारावर आहे. आता त्या चर्चमध्ये अकरा माणसं उरली होती, आणि त्यांतली नऊ पंच्याहत्तरीच्या पुढची. पत्र लिहिणाऱ्या बार्करबाईंनी विनंती केली होती की तुमच्याकडून दोन-तीन जणांनी सहा आठवडे यावं आणि आमच्या गावात, रस्त्यावर उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्यांना प्रभूविषयी सांगावं. तिकिटं ते काढणार होते. पाळकसाहेबांनी पत्र घडी घालून ठेवलं. मग पहिल्या बाकावरच्या मार्थाकाकू, ज्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्या मोठ्यानं बोलतात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हंजे? आमाला शिकवलं आन सोताच इसरले व्हय?"

निवड झटपट झाली. मला इंग्रजी येत होतं म्हणून मी. पलूसच्या दानियलकडे पासपोर्ट होता म्हणून दानियल. हा दानियल ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. अंगानं थोराड, आवाज असा की तो गायला लागला की चर्चच्या खिडक्यांची तावदानं वाजायची. आखातात नोकरीला जायचं म्हणून त्यानं पासपोर्ट काढला होता आणि मग आईनं जाऊ दिलं नव्हतं. इंग्रजीचे त्याला दोन शब्द येत होते, 'गॅस्केट' आणि 'सॉरी'. आणि तिसरे पपा, कारण ते पहिल्या दिवशीच म्हणाले, "पोरगी एकटी न्हाई जायाची." पपांचं इंग्रजी सगळं औषधांचं होतं. माणसांशी बोलायला ते पुरेल असा त्यांचा अंदाज होता.

सरावाची जबाबदारी पाळकसाहेबांनी घेतली. त्यांनी तीन नियम घातले. हसतमुख राहायचं, वाद घालायचा नाही, आणि दोन मिनिटांच्या वर बोलायचं नाही. मी दोन मिनिटांचं भाषण लिहिलं, "एक्सक्यूज मी सर, मे आय टॉक टू यू अबाउट समथिंग इम्पॉर्टंट" असं सुरू होणारं, आणि आम्ही तिघांनी ते पाठ केलं. आता सराव करायचा कुणावर? पाळकसाहेब म्हणाले, "इथं रस्त्यावर कुणाला थांबवायचं न्हाई. लोकांचा गैरसमज व्हईल, आन आपला शेजारधर्म बिघडंल. ओळखीच्या माणसांनाच परदेशी माणूस व्हायला सांगा." मग पपांनी मधल्या भिंतीवर थाप मारली आणि शौकतचाचांना बोलावलं.

चाचा परदेशी माणूस व्हायला आनंदानं तयार झाले. त्यांनी स्वतःचं नाव जॉर्ज ठेवलं, एक गोल टोपी शिवली आणि पहिल्याच दिवशी जाहीर केलं की जॉर्जचा देवावर विश्वास नाही. मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी भूपालअण्णा हे पपांचे शाळासोबती. ते जैन, शिस्तीचे माणूस. त्यांना काम सोपं दिलं. तुम्ही फक्त न थांबता पुढं जायचं. अण्णांनी हे इतकं मनावर घेतलं की विचारू नका. हळदीनं पिवळेधमक झालेले अण्णा छत्री हलवत आमच्यापुढून जायचे, "नो थँक्यू!" म्हणायचे, कोपऱ्यावरून वळून परत यायचे आणि पुन्हा "नो थँक्यू!" म्हणायचे. एका संध्याकाळी त्यांची बायको आईला सांगून गेली की घरीही चहा पुढं केला की ते तेच म्हणतात. एकदाच त्यांचा पाय अडखळला. पपा हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. शंभरांतलं एक हरवलं, तर मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून त्या एकाला शोधायला गेला, इथपर्यंत आले होते. अण्णा थांबले, छत्री मिटली आणि काळजीनं म्हणाले, "आवं पण त्या नव्व्याण्णवांकडं कोण बघत हुतं?"

पपा गडबडले. पाळकसाहेब लांबून ओरडले, "वाद न्हाई घालायचा!"

जॉर्जचं मात्र अवघड होतं. शौकतचाचांची बायको, नसीमचाची, त्याच वर्षी गेली होती. चाचा त्याबद्दल कुणाशी बोलत नसत. पण एका दुपारी, मी माझं दोन मिनिटांचं भाषण बिनचूक म्हणून दाखवल्यावर, टोपी घातलेले चाचा म्हणाले, "हां. ठीक हाय. तुजा देव एवढा चांगला, तर माझी बायको का नेली? चाळीस वर्सं सोबत हुती. तिच्यापायी कुणाला कदी तरास न्हाई." मी भाषणात उत्तर शोधलं. ते तिथं नव्हतं. चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हसून म्हणाले, "घाबरू नगं पोरी. ही जॉर्जची अडचन हाय. मी नमाज पडतो." मग ते मशीनपाशी गेले, पण बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही.

कोट हीसुद्धा चाचांचीच कल्पना. परदेशात कडाक्याची थंडी असते, हे त्यांना लष्करातल्या गिऱ्हाइकांकडून कळलं होतं. त्यांनी राखाडी रंगाची तीन जाड ब्लँकेटं आणली आणि आमच्या तिघांचे घोट्यापर्यंत येणारे कोट शिवले. अंगावर घातले की माणूस बांधाबांध केलेल्या सामानासारखा दिसायचा. "सवय व्हायला पायजे," पपा म्हणाले. म्हणून मे महिन्याच्या उन्हात, सांगलीच्या भर बाजारातून, पुलाकडे, नदीकाठानं, आम्ही ब्लँकेटचे कोट घालून चालायचो. रिक्षावाले रिक्षा थांबवून बघायचे. माझी कॉलेजातली एक मैत्रीण समोरून आली आणि मी दानियलच्या मागं लपले. घाटाजवळ एका हवालदारानं आम्हाला अडवलं.

"काय पावनं, थंडी वाजतीया?"

"न्हाई साहेब," पपा घाम पुसत म्हणाले, "सराव चाललाय."

"कसला?"

"थंडीचा."

हवालदारानं आमच्याकडं, मग आभाळाकडं पाहिलं. "सावलीत बसा जरा," तो मऊ आवाजात म्हणाला आणि स्वतःची पाण्याची बाटली पपांना दिली.

निघायच्या आदल्या आठवड्यात साताऱ्याहून मावशी आली. तिनं कंदी पेढ्यांचे चार खोके आणले. परक्यांच्या गावी रिकाम्या हातानं देवाची गोष्ट सांगायला जाऊ नये, असं तिचं मत होतं. पपांना ते फारच पटलं.

आता तिथलं सांगते. आम्ही पोचलो तो तिथला उन्हाळा होता. म्हणजे पाऊस पडत होता, समुद्रावरून वारा येत होता, सीगल नावाचे कोंबडीएवढे पक्षी माणसांच्या हातातलं खाणं पळवत होते, आणि लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून हिंडत होते. ब्लँकेटचे कोट फक्त आमचेच. बार्करबाई उंच, काटक आणि अतिशय लाघवी. स्टेशनवर त्यांनी पपांचे दोन्ही हात हातात घेतले आणि रडल्या. त्यांच्या चर्चमध्ये ऑर्गनच्या जागी भिंतीवर एक मोठा चौकोनी पांढरा डाग होता. आमच्या तिकिटांसाठी त्यांनी ऑर्गन विकला होता, हे तेव्हा कळलं. दानियलनं त्या डागाकडे पाहून टोपी काढली. त्यानं सांगलीहून ढोलकी आणली होती. त्या दिवसापासून सहा आठवडे त्या चर्चमधली सगळी इंग्रजी गीतं ढोलकीवर झाली, आणि अकरा म्हातारी माणसं बावरून, मग हळूहळू खुशीनं, माना डोलवायला लागली.

पण हे पुढचं. पहिल्याच सकाळी बार्करबाईंचा जिन्यात पाय मुरगळला. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. चौकात घड्याळाचा मनोरा आहे, त्याच्याखाली उभे राहा. सगळं गाव तिथून जातं."

सगळं गाव तिथून गेलंच. आम्ही भिजत उभे होतो. मी म्हणायचे, "एक्सक्यूज मी सर," आणि सर हात हलवून निघून जायचे. ते सगळे भूपालअण्णा होते. गावच्या गाव अण्णांनी भरलं होतं. फरक इतकाच की हे कोपऱ्यावरून वळून परत येत नव्हते. पपा पेढ्याचा खोका उघडून पुढं करायचे आणि म्हणायचे, "स्वीट. वन पीस. आफ्टर फूड." लोक पेढ्याकडं बघायचे, कोटाकडं बघायचे आणि भरभर पुढं जायचे. दोन तासांत मला एकच बाई भेटली जिनं माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. तिची बस आली नव्हती. बस आली तेव्हा ती, तिथली माणसं अनोळख्यांनाही म्हणतात तसं, "गुड लक, लव्ह," म्हणाली आणि चढली. शेवटी दानियलनं गळ्यात ढोलकी अडकवली आणि एक मराठी गीत असं काही चढ्या आवाजात सुरू केलं की सीगल उडाले. आता मात्र लोक थांबले. एका म्हातारीनं डोळे पुसले आणि दानियलच्या पायापाशी सँडविचचं पाकीट ठेवलं. दुसऱ्या एका माणसानं आपली छत्री ठेवली आणि स्वतः भिजत निघून गेला.

"बघ एस्तू," पपा म्हणाले, "लोक चांगले हायेत."

मग पिवळं जाकीट घातलेली एक बाई आली. तिनं अगदी हळुवार आवाजात विचारलं, तुम्ही कुठून आलात? मी सांगितलं, सांगली, इंडिया. तिनं मान हलवली, जणू सांगलीत काय भयंकर घडलंय ते तिला ठाऊक होतं. "किती दिवस झाले रस्त्यावर?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत पपा अभिमानानं म्हणाले, "टुडे फर्स्ट डे! बट सिक्स वीक्स प्लॅन."

"आणि घर? घर आहे का तुम्हाला?"

पपांनी बोट आभाळाकडं केलं. "अवर होम इज देअर."

बाईचे डोळे भरून आले. तिनं पपांचा दंड धरला आणि आम्हाला रस्त्यापलीकडच्या एका दगडी इमारतीत नेलं. मी सांगायचा प्रयत्न करत होते, पण ती "यू आर सेफ नाऊ, डिअर" एवढंच म्हणत होती. आत लांब टेबलं होती, सूपची वाफ होती, आणि दाढी वाढलेली, ओल्या कपड्यांतली, थकलेली माणसं होती. आम्ही त्यांच्यात इतके मिसळून गेलो की काय सांगू. चाचांच्या शिलाईचा त्यात मोठा वाटा होता. पपांना वाटलं, इथल्या एखाद्या मंडळीनं पाहुण्यांना जेवायला बोलावलंय. त्यांनी टेबलावरच्या सगळ्यांना पेढे वाटले. दानियल सूपात पाव बुडवून खायला लागला. मला मात्र भिंतीवरचा कागद वाचता येत होता. ते बेघर माणसांचं मोफत जेवण होतं, आणि ते चालवत होती गावातली दुसरी एक ख्रिस्ती मंडळी. मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

"पपा, उठा," मी दबक्या आवाजात म्हणाले. "हे आपल्याला भिकारी समजतायत."

"सूप संपू दे," पपा म्हणाले. "टाकलं तर बरं दिसत न्हाई."

तेवढ्यात आमच्या समोरच्या खुर्चीवर एक माणूस येऊन बसला. पन्नाशीचा, टक्कल, मानेपासून मनगटापर्यंत गोंदलेलं, हाताचे पंजे फावड्यासारखे. त्या पंज्यांत त्यानं एक छोटं कार्ड धरलं होतं आणि ते कार्ड थरथरत होतं. त्याचं नाव टेरी. तो कार्डात बघून म्हणाला, "एक्सक्यूज मी सर, मे आय टॉक टू यू अबाउट समथिंग इम्पॉर्टंट?"

माझं वाक्य. शब्दन् शब्द माझं वाक्य. मला हसावं की रडावं कळेना. आजही हे लिहिताना मला ते थरथरतं कार्ड दिसतं आणि पपांची नजर दिसते. पपांनी तीस वर्षं लोकांचे हात बघितले होते. औषधाची बाटली घेताना कुणाचा हात कशानं कापतो हे त्यांना न सांगता कळायचं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले.

टेरीनं कार्डावरचं वाचलं, मग कार्ड बाजूला ठेवून स्वतःचं सांगितलं. मी पपांसाठी मराठीत सांगत गेले, कारण न सांगून सुटका नव्हती. तो अनेक वर्षं दारू प्यायचा. बायको सोडून गेली. मुलगी तोंड बघत नव्हती. याच टेबलावर तो सूप प्यायला यायचा. मग एका हिवाळ्यात त्याला कुणीतरी येशूबद्दल सांगितलं. कुणा अनोळखी माणसाला हे सगळं सांगायचा त्याचा आज पहिलाच दिवस होता, आणि सकाळपासून त्याचं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

पपा ऐकत होते. दोन मिनिटं झाली, वीस झाली. दानियलनं तिसरा पाव घेतला. शेवटी टेरीनं टेबलावर पुढं झुकून विचारलं, "सर, हे तुम्हाला हवंय का? हवं असेल तर फक्त हात वर करा."

मी मराठीत सांगायला घेतलं आणि थांबले. मी टेरीकडं वळून म्हणाले, "सॉरी, पण आम्ही आधीच..."

पपांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. त्यांना प्रश्न समजला होता. ते माझ्याकडं न बघता समोर बघत होते. आणि मग ब्लँकेटच्या कोटाची ती जाड बाही हळूहळू वर गेली.

टेरी उठला, टेबल ओलांडून आला आणि त्यानं पपांना मिठी मारली. पाचफुटी पपा त्या मिठीत दिसेनासे झाले. तो हुंदके देऊन रडत होता. हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिवळ्या जाकिटाच्या बाईनं पपांचं नाव एका वहीत लिहिलं. आमच्या चर्चच्या नोंदवहीत ज्यांच्या आजोबांचं नाव होतं ते पपा त्या दिवशी, इंग्लंडात, सूपच्या टेबलावर ख्रिस्ती झाले.

परतताना मी त्यांच्याशी भांडले. समुद्राच्या कडेनं आम्ही चालत होतो, वारा कोटांत शिरून आमचे फुगे करत होता. "खोटं का बोललात?" मी म्हणाले. "आपण त्यांना सांगायला आलो होतो! आता काय तोंड दाखवायचं?" पपा कोट सावरत पुढं चालत राहिले. दानियल मधे म्हणाला, "जाऊ दे की एस्तू. भला माणूस हुता. त्याला वाईट वाटलं असतं." मलाही वाटलं, तेच कारण. पपांचा भिडस्तपणा. कुणी वाढलं तर नाही म्हणायचं नाही, कुणी विचारलं तर नाही म्हणायचं नाही. या माणसानं भिडेपायी धर्मसुद्धा दुसऱ्यांदा घेतला. दोन दिवस मी त्यांच्याशी अवाक्षर बोलले नाही. बार्करबाईंना सांगितलं तर त्यांचा चहा बशीत सांडला, इतक्या त्या हसल्या.

पुढचे आठवडेही आम्ही त्या मनोऱ्याखाली उभे राहत होतोच. कोट मात्र मी घालू दिले नाहीत. बार्करबाई काठी टेकत आमच्याबरोबर यायच्या. लोक पेढे घ्यायला लागले, हवापाण्याचं बोलायचे, पण देवाचं नाव काढलं की त्यांची बस यायची. चर्चमध्ये नवं माणूस एकच आलं. तो टेरी. आपला नवा विश्वासी कसा आहे, डगमगला तर नाही ना, हे बघायला तो पहिल्या रविवारी आला, आणि मग दर रविवारी येत राहिला. तो पपांच्या शेजारी बसायचा, पपांना पुस्तकातलं पान काढून द्यायचा, प्रार्थना कशी करायची ते कानात सांगायचा. पपा मान हलवायचे. त्यानं त्यांना नवं कोरं बायबल दिलं, आत त्यांचं नाव घालून. आम्ही निघालो त्या दिवशी स्टेशनवर टेरी आला होता आणि त्याच्याबरोबर एक तरुण बाई होती, लाजून जरा मागं उभी. ती त्याची मुलगी होती. अकरांचे बारा झाले होते आणि त्यात आमच्या भाषणाचा काडीचा वाटा नव्हता.

सांगलीला परत आल्यावर पहिल्याच रविवारी आम्हाला मंडळीपुढं वृत्तांत द्यायचा होता. चर्च गच्च भरलं होतं. शौकतचाचा आणि भूपालअण्णासुद्धा मागच्या बाकावर येऊन बसले होते, कारण त्यांच्या मते तयारी त्यांनी करून घेतली होती. पाळकसाहेबांना आकडा हवा होता. किती लोकांनी प्रभूचा स्वीकार केला, सांगा. पपा उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एस्तू सांगंल."

आणि मी सांगितलं. मी रंगवून सांगितलं. मला तेव्हा कळलं की मला लोकांना हसवता येतं. घड्याळाचा मनोरा, सीगल, 'आफ्टर फूड', 'अवर होम इज देअर'. मंडळी बाकांवरून घसरत होती. अण्णा छत्री आपटत होते. "किती लोकांनी स्वीकार केला?" मी म्हणाले. "एकानं. आमच्या पपांनी!" आणि मी पपांची नक्कल केली. कोटाची बाही कशी हळूहळू वर गेली ते करून दाखवलं. मार्थाकाकूंना सुद्धा सगळं ऐकू आलं, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. पाळकसाहेब हसत होते. पपाही हसत होते, सगळ्यांबरोबर, जरा वेळानं सुरू करून आणि जरा आधी थांबून. ते मला व्यासपीठावरून दिसलं होतं. मी नक्कल पुन्हा एकदा केली, कारण लोक मागत होते.

घरी आल्यावर आईनं मटण चढवलं. पपा मागच्या पायरीवर लसूण सोलत बसले होते. मी यशाच्या धुंदीत होते. त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "पपा, लोक काय हसले!"

"व्हय," पपा म्हणाले. "लय हसले." एक पाकळी सोलून त्यांनी ताटलीत टाकली. मग दुसरी घेतली आणि ती हातातच राहिली. "एस्तू, मी त्या मानसाच्या भिडेपायी हात वर केला न्हाई."

"मग?"

"माजा आजा ख्रिस्ती झाला. मग बाप झाला, मग मी. शाळेत नाव घालताना घालत्यात तसं. पंचावन्न वर्सं मी उपासनेला जातोय. पर मला कवा कुनी इचारलंच न्हाई." त्यांनी पाकळीकडं बघत तिचं साल ओढलं. "मी आयुष्यभर दुसऱ्याला औषध दिलं. तुला काय पायजे असं मला कोन इचारनार? त्या मानसानं माझ्या तोंडाकडं बघून इचारलं, तुमाला हवंय का. मी मनात म्हनलं, हवंय की. मग हात वर केला."

आतून फोडणीचा आवाज आला. माझा हात, सकाळी ज्यानं चारशे माणसांपुढं त्यांची बाही वर करून दाखवली होती तो, मांडीवर पडला होता आणि त्याचं काय करावं कळत नव्हतं.

"सकाळी का नाही सांगितलंत?" मी म्हणाले. "मला थांबवायचं की."

"सगळी हसत हुती," पपा म्हणाले. "चांगलं वाटलं."

मी गड्डी उचलली आणि लसूण सोलायला लागले. थोड्या वेळानं विचारलं, "पपा, हात वर केला तेव्हा कसं वाटलं?"

त्यांनी विचार केला. त्यांना नेमकं सांगायचं होतं, मात्रा चुकू द्यायची नव्हती.

"लाज वाटली," ते म्हणाले. "आन लय हलकं वाटलं."

पपांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. टेरीचं नाताळचं कार्ड ते असेपर्यंत दरवर्षी यायचं, आणि गेल्याचं कळवल्यावर एक लांबलचक पत्र आलं, जे मी आईला मराठीत वाचून दाखवताना तीनदा थांबले. दानियलचं पलूसला मोठं गॅरेज आहे, रोज सकाळी मोबाईलवर गाणं म्हणून पाठवतो. लग्नाकार्यात, नाताळच्या जेवणाला, जुनी माणसं अजून मला आग्रह करतात, एस्तू, ती पपांची गोष्ट सांग. मी सांगते. ब्लँकेटचे कोट सांगते, हवालदार सांगते, सूप सांगते, टेरीचं कार्ड सांगते. टेरी पुढं झुकतो, प्रश्न विचारतो, आणि तिथं मला कुणीतरी स्वयंपाकघरातून हाक मारलेली असते, किंवा पाणी आणायला उठायचं असतं. नवी माणसं मागून ओरडतात, अगं, मग पुढं काय झालं? मी वळून सांगते, मग आम्ही घरी आलो.